जमिनीचा भाव आणि जमिनीचे मोल
(यवतमाळ येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभी हयात खेड्यापाड्यांतील शाळांत मुलांना त्रैराशिक आणि चक्रवाढ व्याज शिकविण्यात गेली. अर्थशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार तेवढाच. परंतु आजचा विषय चक्रवाढ व्याजाच्या फारसा पलीकडे जात नाही, असे दिसून आल्यावरून आम्ही हा धीर केला आहे.

गतवर्षीच्या संमेलनात, जमीनजुमल्याच्या व्यवहारात नाव मिळविलेल्या आपल्यातीलच एका कर्तबगार गृहस्थांनी आपली मते मांडली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जमिनीचा भाव कधी उतरत नाही, बँकेतील ठेव म्हणजे पैशास लागलेली वाळवी, शेतीत राम उरला नाही, तेव्हा शेत विकून शहराजवळ भूखंड घ्यावेत, आणि सरकार जेथे रस्ता वा रेल्वे नेणार, तेथे सर्वांच्या आधी जाऊन उभे राहावे. टाळ्या पुष्कळ पडल्या. त्यानंतर वर्षभरात काही घरी हे बोलणे विसाराच्या रकमेपर्यंत गेल्याचे आम्ही ऐकतो. म्हणून त्या मतांचा आदरपूर्वक परामर्श घेणे आम्हांस आवश्यक वाटले.

प्रथम त्यांच्या म्हणण्यात जे खरे आहे ते मान्य करू. कपाशीच्या कोरडवाहू शेतीत खर्च निश्चित आणि उत्पन्न अनिश्चित, हे या जिल्ह्यात कोणी कोणास सांगावयास नको. १९७० च्या दशकात राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, पुढे ती मोडलीही. भावाची चिंता मात्र शेतकऱ्याच्या उशाशी तशीच राहिली. महागाई ठेवीचे मोल कुरतडते, हेही खरे. अशा वेळी तरुणांनी दुसरा मार्ग शोधला तर त्यात दोष नाही. प्रश्न मार्ग शोधण्याचा नाही. हिशेब नीट मांडण्याचा आहे.

आता हिशेब पाहू. कोणी सांगतो, “दोन लाखांचा भूखंड वीस वर्षांत आठ लाखांस गेला, चौपट झाला!” ऐकणारा थक्क होतो. शाळेत आम्ही मुलांना एक सोपी युक्ती सांगत असू : ७२ या संख्येस वर्षांनी भागावे, म्हणजे रक्कम दुप्पट होण्यास लागणारा व्याजाचा दर कळतो. वीस वर्षांत चौपट म्हणजे दहा वर्षांत दुप्पट. ७२ भागिले १०, म्हणजे शेकडा सव्वासातच्या आतबाहेर. तेच दोन लाख शेकडा सात चक्रवाढीने ठेवले असते, तर वीस वर्षांनी सुमारे पावणेआठ लाख झाले असते. व्याजावर कर पडतो, हे खरे. परंतु भूखंडास खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्क व नोंदणी फी, मग कुंपण, दरसालचा कर आणि विकताना दलाली असते. ‘चौपट’ या शब्दात हे काहीच दिसत नाही.

शिवाय कराची रीतही बदलली आहे. २३ जुलै २०२४ पासून स्थावराच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, पण महागाईची वजावट मिळत नाही. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनीस व घरास जुनी वीस टक्क्यांची रीत, वजावटीसह, निवडता येते. याचा अर्थ असा की, नव्याने घेतलेला भूखंड केवळ महागाईबरोबर चालला, तरी त्या कागदी वाढीवर कर द्यावा लागेल. उलटपक्षी, नगरपालिकेच्या हद्दीपासून ठराविक अंतराबाहेरील शेतजमिनीच्या विक्रीस हा कर लागत नाही. शेत विकून भूखंड घेणारा मनुष्य या सवलतीच्या बाहेर पडतो, हे किती जणांनी ध्यानात घेतले आहे?

भाव कधी उतरत नाही, हे मत जपानी लोकांचेही होते. तेथील जमिनीचे भाव १९९१ च्या सुमारास शिखरास पोहोचले आणि नंतर दीर्घकाळ उतरत गेले. अमेरिकेत घरांच्या किमती वाढतच राहतील, या भरवशावर कर्जे दिली गेली. त्याचे पर्यवसान २००८ सालच्या अरिष्टात झाले. तेथील लोक काही आपल्याहून कमी हुशार नव्हते. फरक इतकाच की, ज्याने स्वतःच्या पैशाने घेतले तो थांबू शकला. ज्याने कर्जाने घेतले तो बुडाला.

थांबण्याचे उदाहरण तर आपल्या दारातच आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गास २००८-०९ च्या सुमारास मंजुरी मिळाली. त्यापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला तो २८ फेब्रुवारी २०२४ रोजी. म्हणजे श्रीचिंतामणीच्या कळंबापर्यंत गाडी येण्यास सुमारे पंधरा वर्षे गेली. रेल्वे आली याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु मंजुरीच्या बातमीवर कर्ज काढून रुळालगत जमीन घेणाऱ्याने पंधरा वर्षांचे व्याज कोठून भरावे? सरकारी कामास मुदतवाढ मिळते, सावकाराच्या हप्त्यास मिळत नाही.

मग पैसा सारा ठेवीतच ठेवावा काय? तसेही आमचे म्हणणे नाही. यवतमाळातील एका सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ साली रद्द केला, ही गोष्ट ताजी आहे. ठेवीस विम्याचे संरक्षण आहे, ते २०२० पासून दर ठेवीदारास दर बँकेमागे पाच लाखांपर्यंत. तेव्हा जास्त व्याजाच्या लोभाने सर्व पुंजी एकाच ठिकाणी ठेवणे हेही तितकेच अविचाराचे. एका टोपलीत सारी भाकर ठेवू नये, हे घरच्या आयाबाया जाणतात.

आता कागदपत्रांविषयी. विदर्भासाठी १९५८ साली झालेल्या कूळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकत घेण्यावर निर्बंध आहे. सर्व शेत विकून जो मोकळा झाला, त्यास उद्या पुन्हा शेत घ्यावेसे वाटले, तर अडचण उभी राहते. गावकुसाबाहेरच्या शेताचे एक-एक, दोन-दोन गुंठे पाडून विकणारे पुष्कळ भेटतात. पण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यापुढे असे कित्येक व्यवहार वर्षानुवर्षे अडकून पडले. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या अभिन्यासाची नोंदणी मे २०१७ पासून महारेराकडे करावी लागते. विकणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागावा. तो रागावला, तर तेथून निघावे. आणि विसार वीस हजार वा त्याहून अधिक असेल, तर तो रोखीने देऊ-घेऊ नये. २०१५ पासून कायद्यास ते मान्य नाही. सात-बारा, फेरफार आणि अकृषिक आदेश ही तीन कागदे वाचल्याशिवाय सही करणे म्हणजे डोळे बांधून विहिरीच्या काठाने चालणे होय.

जमीन विकणे आणि जमिनीवर कमावणे, या दोहोंच्या मधला एक मार्ग पुण्याजवळच्या हडपसरच्या शेतकऱ्यांनी दाखविला आहे. शहर वाढत येत होते, बांधकाम व्यावसायिक एकेकास गाठून जमीन मागत होते. तेव्हा सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० कुटुंबांनी आपली मिळून सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, कंपनी स्थापिली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्यास भाग दिले. त्यातून मगरपट्टा नगर उभे राहिले. हडपसरची गोष्ट यवतमाळास जशीच्या तशी लागू होणार नाही. येथे तसे शहर नाही, तशी मागणी नाही. परंतु एकेकट्याने विकले असते, तर पैसा घरी येऊन निघून गेला असता. एकत्र राहिल्याने उत्पन्न घरात राहिले. हा बोध घेण्यास मोठे शहर लागत नाही. वणी भागात कोळशाच्या खाणींसाठी जमिनी गेल्या, रस्त्यांसाठीही जातात. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने मोबदला पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढला. पण मोबदला हे पीक नव्हे; ते बियाणे आहे. गाडीघोड्यात आणि लग्नाच्या मांडवात ते पेरले, तर उगवणार काय?

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जमिनीचा भाव वाढला की घराघरांत हक्कसोडपत्राचे कागद तयार होतात आणि माहेरी आलेल्या मुलीपुढे ओवाळणीच्या ताटासोबत ठेवले जातात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. कोणी भगिनी समजूनउमजून हक्क सोडीत असेल, तर तो तिचा अधिकार होय. परंतु कागद वाचू न देता, भाव न सांगता, माहेर तुटेल या भीतीने घेतलेली सही ही सही नव्हे. एकरी चार लाख वाढले आणि बहीण तुटली, तर त्या व्यवहारात नफा झाला असे कोणत्या त्रैराशिकाने सिद्ध करावे?

१९६१ साली या राज्याने कमाल जमीनधारणेचा कायदा केला. कसण्याची वस्तू कोणी नुसती साठवून ठेवू नये, ही त्यामागील दृष्टी होती. आज भूखंडांची जी साठवण चालली आहे, तिच्याकडे पाहताना त्या दृष्टीचे स्मरण ठेवावे, असे आम्हांस नम्रपणे वाटते. पडीक भूखंड कोणास भाकर देत नाही. तो केवळ पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहतो.

तेव्हा मंडळास आमची एकच विनंती आहे. आपल्या समाजात वकील आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेले जाणकार आहेत, बँकेतील मंडळी आहेत. त्यांपैकी चौघांची समिती नेमावी; महिन्यातून एक रविवार त्यांनी समाजाच्या सभागृहात बसावे, आणि शेत विकण्यापूर्वी वा भूखंड घेण्यापूर्वी कोणाही कुटुंबास कागद विनामूल्य वाचून दाखवावेत. त्या बैठकीस घरातील स्त्रियांनीही आले पाहिजे. गतवर्षी येथे बोललेल्या त्या गृहस्थांनाही आम्ही या समितीत येण्याचे आग्रहाचे निमंत्रण देतो. बाजाराचा त्यांचा अनुभव मोठा आहे आणि तो आपल्या सर्वांच्या उपयोगी पडावा.