टोपली वारा सांगत नाही

हेडफोन लावलेत ना? आज गोल्फवर बोलूया. घाबरू नका, नियम पाठ करायचे नाहीयेत.

होल कुठे आहे हे लांबून दिसावं म्हणून तिथे काठी रोवतात आणि वर झेंडा लावतात. पण अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियातल्या मेरियन क्लबच्या ईस्ट कोर्सवर झेंड्याऐवजी वेताची टोपली असते! पहिल्या ९ होल्सवर लाल, पुढच्या ९ वर केशरी. तिथलं मैदान सांभाळणाऱ्या विल्यम फ्लिनने शंभरेक वर्षांपूर्वी या टोपलीचं पेटंटसुद्धा घेतलं होतं.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला झेंडा म्हणजे एक स्क्रीन वाटते, दोन गोष्टी दाखवणारी: होल कुठे आणि वारा कुठला. टोपली फडफडत नाही, म्हणजे दुसरी माहिती गायब. बरं, वारा मोजायचं यंत्र वापरायला नियमात बंदी आहे. वाऱ्यासाठी रिबीनही धरता येत नाही. चिमूटभर गवत उडवा, झाडांचे शेंडे बघा, बस.

कोणी म्हणेल, हा मुद्दाम दिलेला त्रास आहे. मला तसं वाटत नाही. झेंडा असतो साधारण सात फुटांवर, बॉल जातो त्याच्या कितीतरी वर. म्हणजे झेंडा खरं बोलतो, पण फक्त जमिनीलगतच्या वाऱ्याबद्दल. आपण मात्र तेवढ्यावर विसंबतो. टोपली निदान खोटा दिलासा देत नाही.

२०१३ ची यूएस ओपन इथेच झाली. जस्टिन रोज जिंकला, तेही पारपेक्षा १ फटका जास्त घेऊन! श्रेय एकट्या टोपल्यांचं नाही. अरुंद फेअरवे आणि दाट गवतही होतंच. पण ७,००० यार्डांपेक्षाही छोट्या कोर्सने जगातल्या दिग्गजांना घाम फोडला.

एक गोष्ट मात्र मान्य: तिथे रोज खेळणाऱ्याला झाडं ओळखीची असतात, पाहुण्याला नाही. म्हणजे टोपली सगळ्यांना सारखीच गप्प असली, तरी फायदा होतो बघायची सवय असलेल्याला.

आमच्या कामात डॅशबोर्डवर आणखी एक आलेख टाकणं सोपं असतं. कुठला काढायचा, हे ठरवताना मीटिंग लांबते. तुमच्या फोनवर असा कुठला झेंडा आहे, जो काढला तर तुम्ही पुन्हा झाडांकडे बघायला लागाल? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!