टोपल्या काळ्या पडल्या त्याची गोष्ट
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला, "घरातल्या आणि विक्रीच्या वस्तूंची स्वच्छता", तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "आता भांडी घासायलाही हीच पोरगी शिकवणार का?" मी ऐकलं बरं का! आणि बोलणारीचं म्हणणं बरोबरच आहे. तुमच्यातल्या कित्येकींनी माझ्या जन्माच्या आधीपासून तांब्याचे हंडे घासलेत. म्हणून मी शिकवायला उभी नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायला उभी आहे. ती पुन्हा कुठल्या गटाची होऊ नये, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी मी या कामावर नवीन होते. सुरगाण्याकडच्या एका गटाने प्रदर्शनासाठी बांबूच्या चाळीस टोपल्या केल्या होत्या. वीण एवढी सुबक की बघत राहावं. पण त्यांच्यावर धूळ होती, चुलीचा धूर बसला होता. मी म्हटलं, शहरातलं गिऱ्हाईक आहे, स्वच्छ धुऊन द्या. गटातली एक आजी म्हणाली, "पोरी, या दिवसांत बांबू धुत नसतात." मी ऐकलं नाही. संध्याकाळी टोपल्या धुतल्या, हाताला कोरड्या लागल्या तशा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरल्या आणि तोंडं बांधली. तिसऱ्या दिवशी नाशिकला स्टॉलवर पिशव्या उघडल्या, तर आत कुबट वास आणि काड्यांच्या सांध्यात काळे ठिपके. चाळीसपैकी अकरा टोपल्या विकल्या गेल्या, त्याही निम्म्या भावाने. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता बायांनी घरखर्चातून भरला. कुणी मला एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मी समुदाय संघटन शिकले, अहवाल लिहायला शिकले. टोपली कशी वाळते ते शिकले नव्हते.

आता त्या आजीचं म्हणणं नीट समजून घेऊ. बांबूत पिष्ट असतं, पिठासारखं. ते बुरशीला आवडतं आणि भुंग्यालाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी हा आपला पावसाचा पट्टा. हवा ओली असते तेव्हा काडी वरून कोरडी लागते, पण पोटात पाणी धरून ठेवते. वर प्लॅस्टिक बांधलं की ते पाणी जाणार कुठे? म्हणून टोपली, सूप, पाटी यांची सफाई आधी कोरडीच. जुना टूथब्रश किंवा रंगाचा मऊ ब्रश घ्या, विणीच्या दिशेने झाडा. धूर निघत नसेल तर घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. धुवायचीच वेळ आली तर सकाळी, उघाडीच्या दिवशी. उपडी करून सावलीत, वारं लागेल अशा जागी दोन-तीन दिवस ठेवा. कडक उन्हात टाकली तर काडी तडकते. ठिपके वरवरचे असतील तर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेल्या फडक्याने जातात. काडीत शिरलेला काळेपणा मात्र कशानेच जात नाही, त्यावर वेळ घालवू नका. आणि माल पाठवताना वर्तमानपत्र किंवा सुती कापड वापरा. प्लॅस्टिक नाही म्हणजे नाही.

आता तांब्या-पितळेकडे येते. नाशिकचा भांडीबाजार तुम्हाला माहीत आहे. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. गोदावरीचं पाणी न्यायला यात्रेकरू तांब्याचे गडू घेतात, पूजेची ताम्हनं, समया घेतात. आपले काही गट असा माल आणून विकायचं म्हणताहेत. चांगला विचार आहे, पण काळवंडलेला गडू कुणी घेत नाही.

चिंच-मीठ किंवा लिंबू-मीठ हे आपलं जुनंच औषध. आंबटपणा वरचा काळा थर विरघळवतो, मीठ त्याला मदत करतं. पण लावा, चोळा आणि लगेच धुवा. पितळेचं भांडं चिंचेच्या पाण्यात तासन् तास बुडवून ठेवलं की ते तांबूस, डागाळलेलं दिसतं. तो मळ नव्हे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटाने जस्त आधी निघून जातं आणि तांबं मागे उरतं. धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसा. बोअरचं पाणी भांड्यावरच वाळू दिलं तर क्षारांचे ठिपके पडतात आणि मेहनत पाण्यात जाते. बाजारातल्या चकचकीत समयांवर कधी कधी पारदर्शक लेप असतो. त्याला चिंच लावू नका, लेप जागोजागी निघतो आणि समई कोड फुटल्यासारखी दिसते. ओलसर फडकं पुरे.

राखेबद्दल एक सांगते. तेलकट भांड्याला लाकडाची राख उत्तम, कारण ती खारी असते. पण चुलीत प्लॅस्टिकच्या पिशव्या जाळल्या असतील तर ती राख भांड्याला लावू नका.

तांब्यावर जो हिरवा थर येतो, तो धूळ समजून पोटात जाऊ देऊ नका. दिंडोरी-निफाडच्या तायांना मोरचूद माहीत आहे. चुन्यात कालवून द्राक्षावर फवारतात, बोर्डो मिश्रण. तेही तांब्याचंच मीठ आणि हा हिरवा थरही तांब्याच्याच मिठांचा. म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, लिंबू सरबत, चिंचेचं सार ठेवायचं नाही. कळकलेलं खाल्लं की उलट्या होतात, हे आपल्या आज्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. स्वयंपाकाच्या भांड्याला कल्हई हवी. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो २३२ अंशांना वितळतो, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर तापत ठेवू नका आणि तारेच्या घासणीने खरवडू नका. आतून तांबडं दिसायला लागलं की कल्हईवाला शोधायचा.

पैठणीचं थोडक्यात. येवल्याच्या काही तायांनी विचारलं होतं. रेशीम हा किड्याचा धागा, आपल्या केसासारखा. सोडा आणि कडक साबण त्याला खातो. पैठणी घरी धुवायची नाही, ड्रायक्लीनलाच द्यायची. तेलाचा डाग पडला तर लगेच टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा आणि झटका, चोळू नका. जर काळी पडते ती घामाने, अत्तराने. स्प्रे मारायचा तर साडी नेसण्याआधी. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, त्यापेक्षा लवंगा आणि वाळलेला कडुलिंब पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवा. साडी मलमलीत गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर एकाच रेषेवर चिरते.

वारली चित्राला पाणी दाखवू नका. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग ओल्या फडक्याबरोबर निघून येतो. कोरडा मऊ ब्रश, बस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मला तुमच्या माना डोलायला नको आहेत, लक्ष हवं आहे. ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकते. तीच पावडर काही घरांत संडास-बाथरूमला वापरतात. वरून ॲसिडही ओततात, दोन्हीने दुप्पट स्वच्छ होईल म्हणून. तायांनो, ते दोन एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारायला हाच वायू सोडला होता. आणि आपलं बाथरूम केवढं, त्यात दार लावलेलं. पावडर आणि ॲसिड एकाच दिवशीसुद्धा वापरू नका. चुकून झालंच आणि घसा जळायला लागला, तर बादली, झाडू सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत या. डोळे भरपूर पाण्याने धुवा. दम लागत असेल तर दवाखाना गाठा. राहिलेलं पुसायला परत आत जाऊ नका. आपल्याला अर्धवट काम सोडवत नाही, हीच खोड इथे जीवावर येते.

तसंच फवारणीच्या कपड्यांचं. मालकांचा शर्ट लेकराच्या झबल्यासोबत भिजवू नका. बादली वेगळी, हातात मोजे, त्याच दिवशी धुणं आणि उन्हात वाळवणं. विहिरीवर किंवा ओढ्यावर तो शर्ट नेऊ नका. औषधाचा डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग डब्याला भोकं पाडा. कितीही घासला तरी तो पाण्याला, तेलाला चालत नाही. "चांगला जाड डबा आहे हो," असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

त्या गटाचं काय झालं, हे सभा संपल्यावर कुणी ना कुणी विचारणारच, म्हणून आत्ताच सांगते. या वर्षी त्यांनी पुन्हा टोपल्या केल्या आहेत. माल बांधायच्या दिवशी मी गेले होते. ती आजी प्रत्येक टोपली गालाला लावून बघत होती. हाताला न कळणारी ओल गालाला कळते, म्हणे. तीन टोपल्या तिने बाजूला काढल्या. मी काही बोलले नाही, वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसले.

पुढच्या सभेला प्रत्येकीने घरातलं एक काळवंडलेलं भांडं आणायचं आहे. चिंच आणि मीठ मी आणते. फडकी मात्र तुमची, कोरडी.