जुन्या गाडीचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्ते शिक्षण, विवाह, ज्ञातीची एकजूट अशा थोर विषयांवर बोलत असतात. त्या मालिकेत एका जुन्या मोटारीची कथा आणून बसवण्याचे धाडस आम्ही करीत आहो, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. परंतु गाडी दुरुस्त करीत राहावी की तिला निरोप द्यावा, एवढ्यावरून भावाभावांत अबोला धरला गेल्याची उदाहरणे आमच्या ऐकण्यात आहेत. आणि आमचे घरही त्याला अपवाद ठरले नाही.

आमच्या तीर्थरूप अण्णांनी 2004 साली मारुती ओम्नी घेतली. गणपतीला मुंबईची मंडळी तीतून रत्नागिरीस आली, घरातल्या दोन मुली तीतूनच सासरी गेल्या, आणि अण्णांना इस्पितळात नेले तेही तीतूनच. मीटर 2 लाख 60 हजार किलोमीटरांपुढे गेला होता. अण्णांनी प्रत्येक दुरुस्ती तारीख व किलोमीटर घालून एका वहीत लिहून ठेवली, आणि त्यांच्या पश्चात ती वही आम्ही चालविली. आजचे आमचे बोलणे बव्हंशी त्या वहीवरून आहे.

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते, असा समज आपल्याकडे फार पसरला आहे. दिल्लीच्या बातम्या वाचून इकडे घाबरण्याचे कारण नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची तपासणी होऊन ती योग्य ठरली, तर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आमच्या गाडीचे हे पासिंग 2019 साली विनासायास झाले. पुढे 2022 च्या एप्रिलपासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5000 वर नेण्यात आले, हे मात्र खरे.

खरा वाद पेटला तो 2023 मध्ये. त्या वर्षी इंजिन उतरवून बांधावे लागले आणि 40 हजार रुपये गेले. आमचे धाकटे बंधू म्हणाले, "दादा, गाडी विकून तीस हजार येणार नाहीत, आणि तू तिच्यावर चाळीस घालतोस!" त्यांचा हा हिशेब आम्हांस तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. दुरुस्तीची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करावयाची नसते; दुसऱ्या गाडीला वर्षभर जे पडेल त्याच्याशी करावयाची असते. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ताच दरमहा दहा हजारांवर जातो. म्हणजे आमचे चाळीस हजार चार हप्त्यांतच सरले असते.

येथवर आम्ही जिंकलो होतो. पण मग आम्हीही एक चूक केली. "एवढे पैसे घातले, आता टाकायची कशी?" असे आम्ही जो येईल त्याला सांगू लागलो. गेलेले पैसे गाडी ठेवली तरी परत येत नाहीत आणि दिली तरी येत नाहीत, हे आयुष्यभर जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला कळू नये, याची आज लाज वाटते.

2024 च्या जानेवारीत कशेडी घाट उतरताना ब्रेकचे पेडल एकाएकी खाली बसले. मागे चार नातवंडे होती. हातब्रेक ओढून आणि गिअर उतरवून आम्ही गाडी डोंगराच्या बाजूस टेकविली. पुढे मिस्त्रींनी गाडी वर उचलून पाहिली. ब्रेकची नळी गंजून फुटली होती, ती नवी घालता आली असती. पण त्यांनी मागच्या स्प्रिंगच्या आधाराजवळ पेचकस दाबला, तो पत्र्यात सरळ मुठीपर्यंत गेला. वरून रंग शाबूत होता!

हीच गोष्ट आपणांस सांगावयाची आहे. क्लच, बेअरिंगे, रेडिएटर, फार काय इंजिनसुद्धा झिजण्यासाठी असते आणि बदलता येते. ओम्नीसारख्या गाडीस वेगळी चासी नसते. सारा भार पत्र्याचा सांगाडाच पेलतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने तो आधारांपाशी कुजला की वेल्डिंगचे ठिगळ धरावयास शेजारी चांगला पत्राच उरत नाही. आम्ही वीस वर्षे इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो, गालिचा उचलून एकदाही खाली पाहिले नाही. अण्णांच्या वहीत पत्र्याच्या तपासणीची नोंद एकही नाही. मोठा खर्च करण्यापूर्वी गाडी वर उचलून तिचा तळ पाहावा. तो शाबूत असेल तर खुशाल इंजिन बांधावे. नसेल तर एक रुपयाही घालू नये.

घरी येऊन आम्ही तरीही दुसऱ्या मिस्त्रींचे नाव काढले. मातोश्री वाती वळीत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पोरांना घालून पुन्हा घाट उतरशील का तीतून?" आम्हांस उत्तर देता आले नाही. त्याच रात्री धाकट्या बंधूंना आम्ही स्वतः दूरध्वनी केला.

गाडी रस्त्यावरच्या भंगारवाल्यास देऊ नये. नोंदणी आपल्याच नावे राहते, आणि पुढे त्या क्रमांकाचे काय झाले याची विचारपूस आपल्या दारी येते. आम्ही ती सरकारमान्य केंद्रात दिली, प्रमाणपत्र घेतले आणि परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द करून घेतली. नव्या गाडीच्या करात त्या प्रमाणपत्रावर सवलत मिळते. निघण्यापूर्वी मातोश्रींनी गाडीपुढे नारळ फोडला. धाकटे बंधू चालवीत होते, आम्ही शेजारी वही घेऊन बसलो होतो.

ती वही आज येथे आणली आहे. ज्यांना तिचा नमुना उतरवून घ्यावयाचा असेल, त्यांनी चहाच्या वेळी अवश्य भेटावे.