यकृताची पुनर्वाढ आणि आपले कर्तव्य

(पेठ येथील ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



“वडिलांचे यकृत निकामी झाले, मुलाने आपल्या यकृताचा भाग दिला, तर तो जन्माचा अधू होईल काय?” असा प्रश्न आता आपल्याही घरांपुढे येऊ शकतो. त्याचे उत्तर भयाने नव्हे, ज्ञानाने द्यावयास हवे. मी वैद्य नव्हे, मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. तथापि वाचून जे उमगले ते आपणांपुढे ठेवतो.

१९३१ साली हिगिन्स व अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढला. थोड्याच दिवसांत यकृताचे वजन जवळजवळ पूर्ववत झाले. कापलेला खंड पुन्हा उगवत नाही. उरलेले खंडच वाढून उणीव भरून काढतात.

हे घडते कसे? दवंडी साऱ्या गावास ऐकू येते, पण ज्याचे नाव पुकारले तोच उठतो. रक्तातील संप्रेरके व वाढीची द्रव्ये ही दवंडी होय, आणि पेशीवरील ग्राही, ज्यांस शास्त्रज्ञ ‘रिसेप्टर’ म्हणतात, ते तिचे कान होत. १९८४ साली जपानात नाकामुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृतपेशी वाढविणारे एक द्रव्य ओळखले. ते ‘मेट’ नामक ग्राहीस जडले की निरोप हस्ते-परहस्ते पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि स्वस्थ असलेली पेशी विभागू लागते. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन प्रथम यकृताकडेच येते व या कार्यास हातभार लावते. उणीव भरत आली की थांबण्याचेही निरोप येतात.

परंतु या शक्तीस मर्यादा आहे. मद्य किंवा ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ वर्षानुवर्षे आघात करीत राहिली, तर यकृतात व्रणतंतू माजतात आणि पुनर्वाढ खुंटते. म्हणून कावीळ मंत्राने उतरविण्यात दिवस न दवडता रक्त तपासावे. नवजात बालकास ‘ब’ काविळीची लस जन्मतःच टोचून घ्यावी.

१९९८ साली दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात एका बालकास पित्याच्या यकृताचा अंश बसविला गेला. ते बालक पुढे स्वतः डॉक्टर झाले! निरोगी दात्याचे यकृत काही महिन्यांत बव्हंशी भरून येते. तरीही शस्त्रक्रिया मोठी असून तीत जीवाचा अल्प धोका असतोच. तो लपवू नये.

१९९४ च्या अवयवरोपण कायद्याने, व त्यातील २०११ च्या दुरुस्तीने, पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजीआजोबा व नातवंडे यांस निकटचे नातलग मानले आहे. सून त्यांत नाही. तिला दान करावयाचे झाल्यास अधिकृत समितीची अनुमती लागते. माझी कळकळीची विनंती इतकीच, की घरातील लेकीसुनांवर दडपण आणून कोणीही यकृत मागू नये. दान हे स्वेच्छेनेच शोभते. तसेच मृत्यूपश्चात अवयवदानाचा विचार प्रत्येक घराने आजच करावा, म्हणजे जिवंतांवर हा प्रसंगच कमी येईल.