पुडीवर नाव कोणाचं?

(चिखले इथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मघाशी जेवताना एका ताईंनी विचारलं, “तुम्ही कॉम्प्युटरवाल्या, आमच्यात येऊन काय सांगणार?” प्रश्न रास्त आहे. घोलवड-चिखल्याच्या वाड्यांमध्ये चिकू निवडून खोक्यांत भरणाऱ्या कितीतरी जणी इथे बसल्या आहेत. मीही निवडून भरण्याचंच काम करते. फक्त माझी पुडी फुकट मिळते, आणि घेणारी ती उघडू शकते, बदलू शकते, पुढे देऊ शकते.

लिनक्सवर चालणाऱ्या ज्या मोठ्या जुळण्या आहेत त्यातली एक जुनी म्हणजे डेबियन. इयान मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने ती १९९३ साली सुरू केली. तेव्हाची त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः, अशा दोघांच्या नावांतून हे नाव झालं. नावात बाई पहिली आली, कामात मात्र बायका इतक्या कमी की २००४ साली ‘डेबियन विमेन’ हा वेगळा गट काढावा लागला. केरळच्या श्रुती चंद्रन, मूळच्या ग्रंथपाल, २०२० साली डेबियनच्या प्रमुखपदासाठी उभ्या राहिल्या. निवडून आल्या नाहीत. तोवर त्या पदावर एकही बाई बसलेली नव्हती. आणि आपली मराठी? २००९ च्या आवृत्तीपासून डेबियन मराठीतून बसवता येऊ लागलं. त्या अनुवादाच्या फाइलीत वर दोन नावं आहेत, दोन्ही बायकांची. कोणी त्यांचा सत्कार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता माझी गोष्ट. आमच्या गटाचे अहवाल टाइप करताना बायकांनी सांगितलेले शब्द आले की खाली लाल रेघ यायची. भातांच्या जाती, मासे, गवतं, सगळं चूक! म्हणून पाच जणींच्या वह्यांतून शब्दयादी केली आणि ठरवलं, ही डेबियनमध्ये घालायची. एकदा तिथे गेली की डेबियनवर उभ्या असलेल्या उबुंटूलाही ती मिळू शकते, आणि सी-डॅकच्या ‘बॉस’लाही.

रीत अशी. आधी जाहीर नोंद करायची, “हे मी बांधायला घेते आहे,” म्हणजे दोघी एकच काम करत बसत नाहीत. मग पुडी बांधायची. आत काय आहे, तिला आणखी कशाची गरज आहे, कशी बांधली, कधी काय बदललं, हक्क कोणाचा, सगळं ठरलेल्या फायलींत लिहायचं. चुका शोधणारं एक यंत्र आहे, ते सासूसारखं बारीकसारीक काढत बसतं. (इथल्या सासवांनी माफ करावं.) नवख्या बाईला स्वतःहून पुडी आत टाकता येत नाही, आतला कोणीतरी जामीनदार लागतो. बँकेत बायकांकडे जामीन मागतात तसाच, फक्त हा पैसा बघत नाही, काम बघतो. शेवटी नव्या पुड्यांची रांग. तिथे माणसं बसून हक्काची फाइल वाचतात.

माझी पुडी तिथूनच परत आली. विचारलं होतं, हे शब्द कोणाचे? परवानगी कुठे आहे?

आधी राग आला. मग फाइल उघडली. हक्कदार म्हणून एकच नाव होतं, माझं. बायकांच्या न दिसणाऱ्या श्रमांवर मी वीस वर्षं भाषणं करत आले, आणि पाच जणींच्या वह्या माझ्या नावावर! वर एका छापील कोशातले शब्द न विचारता उचललेले.

कोशातले शब्द काढले आणि वह्यावाल्या पाच जणींकडे परत गेले. एकीने विचारलं, “हे कोणी विकलं तर?” मी खरं ते सांगितलं. डेबियनचा नियमच असा आहे की विकायलाही मनाई करता येत नाही, अमक्याने वापरू नये असंही म्हणता येत नाही. आणि एकदा दिलेली मोकळीक मागे घेता येत नाही. त्यांनी आठ दिवस घेतले आणि झाडपाल्याच्या औषधांचे सगळे शब्द यादीतून काढायला लावले. मला वाईट वाटलं, पण मी वाद घातला नाही. ज्या तालुक्यांत १९४५ साली वारल्यांना वेठीविरुद्ध उठावं लागलं, तिथे फुकट देताना बाईने दहादा विचार केला तर तिला मागासलेली म्हणणारी मी कोण?

दुसऱ्या खेपेला पुडी आत गेली. चार नावांनी, पाचवीने नाव नको म्हटलं, घरात कटकट होईल म्हणाली.

एक अडचण मात्र सांगून ठेवते. हे काम बिनपगारी आहे आणि रात्री होतं. पुरुष जेवून कॉम्प्युटरपुढे बसतो, आपण भांड्यांपुढे. सांभाळणारं कोणी उरलं नाही की त्या पुडीला तिथे ‘अनाथ’ म्हणतात, असाच शब्द आहे. म्हणून मी एकटी सांभाळणार नाही. तुमच्यातल्या टायपिंग येणाऱ्या तीन मुली मला हव्या आहेत, आणि त्यांची संध्याकाळची भांडी घासायला घरातलं दुसरं कोणीतरी.

परवा त्या पाचव्या ताईंचा फोन आला, “माझंही घाला.” आता नवी आवृत्ती काढायची आहे. आडनाव माहेरचं लावायचं की सासरचं, एवढं त्यांचं ठरायचं बाकी आहे.