गवत कापायचं मशीन : निगा, दुरुस्ती आणि एक सुतळी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात एका रविवारी सकाळी बागेत सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. मशीन समोर ठेवलेलं होतं. – संपादक मंडळ)



लिफ्ट, गच्चीची गळती, सोलर अशा मोठ्या विषयांवर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. माझी नोकरी वर्कशॉपमध्ये इंजिनांच्या संगतीत गेली, म्हणून कमिटीने मला गवत कापायचं मशीन दिलं. विषय किरकोळ वाटेल, पण एक हिशोब सांगतो. याचं पातं 21 इंची आहे. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं, तेव्हा पात्याचं टोक ताशी सुमारे 300 किलोमीटर वेगाने फिरत असतं. हे आपल्या बागेत, मुलांच्या घसरगुंडीपासून चार पावलांवर चालतं.

यंदा जूनमध्ये हे मशीन सुरूच होईना. नव्याचं कोटेशन कमिटीपुढे आलं. त्याआधी एकदा उघडून तर बघू, म्हणून माळीदादा आणि मी बसलो. दोन गोष्टी सापडल्या. एक, कार्बोरेटरच्या वाटीत पिवळट चिकट साका. दुसरी, हँडलच्या दांडीला घट्ट गुंडाळलेली सुतळी.

ही दांडी हँडलबरोबर दाबून धरली तरच मशीन चालतं. सोडली की इंजिन बंद आणि पातं थांबतं. माणूस घसरला, कोणी मूल धावत आलं, तर हात सुटतो आणि पातं थांबतं, एवढ्यासाठीच ती आहे. अमेरिकेत 1982 पासून अशा मशीनचं पातं दांडी सोडल्यावर 3 सेकंदांत थांबलं पाहिजे असा नियमच आहे. सुतळी बांधली की ही सगळी सोय संपली.

माळीदादांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, गरम झाल्यावर बंद पडलं की दहा-दहा वेळा दोरी ओढावी लागते. खांदा भरून येतो. मग बंदच पडू नये म्हणून बांधली." आता सांगा, चूक कोणाची? मशीन नीट चालत असतं तर सुतळी लागलीच नसती. निगा नसली की माणूस जुगाड करतो. आजच्या बोलण्यात एवढीच एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी चालेल.

सुतळी लगेच कापली. आता ती परत लागू नये म्हणून काय करायचं ते बघू.

पहिलं काम, पेट्रोल. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत महिनोन्‌महिने राहिलेलं पेट्रोल शिळं होतं, त्याचा राळेसारखा थर बसतो, आणि कार्बोरेटरचं सुईच्या टोकाएवढं भोक बुजतं. दिवाळीनंतर गवताची वाढ मंदावते, मशीन कोपऱ्यात जातं आणि जूनमध्ये रुसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. म्हणून पेट्रोल महिन्याभरात संपेल एवढंच आणा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेल्या थेंबांवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. गरम इंजिनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. आणि कृपा करून पेट्रोलचा कॅन मीटर रूममध्ये किंवा जिन्याखाली ठेवू नका.

दुसरं, हवा. एअर फिल्टर गच्च झाला की इंजिनाचा श्वास कोंडतो, काळा धूर येतो, पेट्रोल जास्त खातं. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, दोन थेंब ऑइल लावून दाबून काढा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. हलका आपटून झाडायचा, काळा पडला की बदलायचा. आपला फिल्टर असा भरला होता की झाडल्यावर कुंडीभर माती निघाली असं माळीदादा म्हणतात. कुंडी लहान असेल, पण माती निघाली खरी.

तिसरं, ऑइल. हे चार-स्ट्रोक इंजिन आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. ऑइलची जागा वेगळी. दर वेळी सुरू करण्याआधी मशीन सपाट जागी ठेवून कांडीने पातळी बघा. जास्त भरलं तरी वाईट, पांढरा-निळा धूर येतो. नव्या इंजिनाचं ऑइल पहिल्या 5 तासांनी आणि पुढे साधारण 50 तासांनी किंवा हंगामाला एकदा बदलायचं. काढलेलं ऑइल गटारात नको, गॅरेजवाल्याकडे द्या.

चौथं, प्लग. काढून बघा. तपकिरी असेल तर तब्येत ठीक. काजळी असेल तर फिल्टरकडे बघा. पेट्रोलने ओला असेल तर पुसून वाळवा, थोडं थांबा आणि चोक न लावता दोरी ओढा. प्लगची फट साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर, पण आपल्या मशीनच्या पुस्तिकेतला आकडा खरा.

आता मशीन बंद पडलं तर क्रम असा. टाकीत ताजं पेट्रोल आहे का? कॉक उघडा आहे का? प्लगची टोपी घट्ट बसली आहे का? फिल्टर साफ आहे का? हे सगळं ठीक असून सुरू होऊन लगेच बंद पडतंय, तर टाकीचं झाकण किंचित सैल करून बघा. तेवढ्याने चाललं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तरीही नाही, तर कार्बोरेटरची वाटी उतरवा. जुन्या लोकांना स्टोव्हला पिन मारायची सवय आहे. इथे पिन मारू नका. पितळी जेटचं भोक मोठं झालं की ते कायमचं बिघडलं. कार्बोरेटर क्लीनर मारा, हवा मारा, फार तर तांब्याच्या वायरची एक तार घाला. आपलं मशीन एवढ्यावरच तिसऱ्या ओढीला सुरू झालं आणि कोटेशन परत फाइलमध्ये गेलं.

पातं दगडावर आदळलं असेल तर गोष्ट वेगळी. मशीन थरथरायला लागलं, किंवा दोरी हातातून उलट हिसकली जाते, तर ताबडतोब थांबवा. पातं वाकलेलं असेल, किंवा फ्लायव्हीलची नरम धातूची छोटी चावी कापली गेली असेल. हे काम मेकॅनिकचं.

बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दोन दिवसांनी लॉनची टोकं पिवळी दिसली तर पाणी वाढवू नका, पात्याला धार लावा. जुन्या उताराप्रमाणेच कानस चालवायची, दोन्ही टोकांना सारखी. मग मधल्या भोकातून पातं भिंतीतल्या खिळ्यावर आडवं अडकवा. एक टोक खाली गेलं तर ती बाजू जड आहे, तिकडे अजून थोडी कानस मारा. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. पावसात उघडीप बघून, गवत सुकल्यावरच मशीन काढा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीनखाली हात घालण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला करा. इंजिन बंद असलं तरी पातं हाताने फिरवलं की आत पिस्टन हलतो, आणि ठिणगी पडली तर इंजिन एक फेरा मारू शकतं. बोट जायला तो एक फेरा पुरतो. मशीन कलंडवताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरेल.

कमिटीला माझ्या तीन विनंत्या. मशीनजवळ एक वही ठेवा, त्यात ऑइल, फिल्टर आणि धार यांच्या तारखा लिहा. माळीदादांना चामड्याचे बूट आणि डोळ्यांना चष्मा द्या, आजही ते चपलेवर गवत कापतात. आणि अंदाजपत्रकात प्लग, फिल्टर, ऑइलसाठी वेगळी रक्कम ठेवा, म्हणजे दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी माळीदादांना तीन जणांच्या सह्या मागत फिरावं लागणार नाही.

सभासदांना एक विनंती. मशीनचा आवाज आला की मुलांना बागेतून वर बोलवा, आणि आदल्या संध्याकाळी तिथे हरवलेला क्रिकेटचा चेंडू आधी शोधून घ्या.

पंचवीस वर्षं ही हिरवळ आपण राखली म्हणतो. राखली ती माळीदादांच्या हातांनी. ते हात शाबूत राहतील एवढं बघणं आपलं काम आहे. आता प्लग कसा काढायचा ते माळीदादाच दाखवतील. ज्यांना बघायचं आहे त्यांनी पुढे या.