बोरिवलीच्या अरण्याचा जमाखर्च

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या गृहस्थास आपल्या घराशेजारीं अरण्य आहे, याची आठवण बहुधा रविवारींच होते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार सुमारें 104 चौरस किलोमीटर. पश्चिमेस बोरिवली, पूर्वेस मुलुंड. जागेचे भाव गगनाला भिडले असतां एवढी भूमि 'रिकामी' ठेवणें परवडतें कसें, असें एखादा व्यवहारी माणूस विचारतो. प्रश्न रास्त आहे. उत्तरहि व्यवहाराच्याच भाषेंत दिलें पाहिजे.

जंगलाचें उत्पन्न म्हणजे लाकूडफांटा आणि मध, अशी जुनी समजूत. या अरण्याचें उत्पन्न मात्र नळावाटे घरांत येतें. 1860 सालीं विहार आणि 1879 सालीं तुळशी हे तलाव पुरे झाले. आज मुंबईस लागणाऱ्या पाण्यांत दोघांचा मिळून वांटा शंभरांत जेमतेम तीन. तेवढ्यावरून कोणी त्यांस क्षुल्लक ठरवील. परंतु भातसा-वैतरणेचें पाणी सुमारें शंभर किलोमीटरांवरून आणावें लागतें, आणि हें पाणी शहराच्या उशाशींच सांठतें. भोंवतालच्या उतारांवर झाडी आहे, म्हणून पावसाच्या माऱ्यानें माती सुटत नाहीं व तळीं गाळानें भरत नाहींत. नळ आणि पंप यांचा खर्च अंदाजपत्रकांत मांडला जातो; झाडें फुकट राबतात, म्हणून त्यांच्या नांवें रकानाच नसतो!

बिबळ्याचेंहि तसेंच. येथील सुमारें 35 बिबळे वर्षाकाठीं दीड हजार भटकीं कुत्रीं खातात आणि त्यामुळें कुत्रें चावण्याचे हजारभर प्रसंग टळतात, असा अंदाज 2018 सालीं संशोधकांनीं प्रसिद्ध केला. अंदाजच तो, पण श्वानदंशाच्या लशीचा खर्च ज्यास ठाऊक आहे, तो त्यास हंसणार नाहीं.

मग अरण्याची किंमत रुपयांत ठरवावी काय? तेंहि झालें आहे. वनजमीन अन्य कामास वळविणाऱ्यानें भरावयाची रक्कम सर्वोच्च न्यायालयानें 2008 सालीं ठरविली : जंगलाच्या प्रतीप्रमाणें हेक्टरीं 4.38 लाखांपासून 10.43 लाख रुपयांपर्यंत, आणि राष्ट्रीय उद्यानांत त्याच्या दसपट. पुढें 2022 सालीं हे दर वाढले. पण 2008 चा चढ्यांत चढा दर दसपट धरला, तरी हेक्टरास कोटीच्या घरांतच रक्कम येते. आणि बोरिवलींत आज एका बऱ्याशा सदनिकेसच तेवढे पैसे पडतात. अडीच एकर अरण्य आणि एक बिऱ्हाड, एका भावांत! किंमत मुळींच नसणें वाईट खरें. परंतु अशी स्वस्त किंमत ठरणें त्याहून धोक्याचें, कारण ती चुकती केली कीं घेणाऱ्याचें मन निश्चिंत होतें. गोरेगांव-मुलुंड रस्ता डोंगरावरून न नेतां त्याखालून बोगद्यानें नेण्याचें ठरलें. त्यासाठीं पडणारा जादा खर्च हीच कदाचित् या अरण्याची आजवर दिलेली अधिक खरी किंमत असेल.

या जमाखर्चांत खर्चाची बाजू बहुतेक विसरली जाते. ती सोसतात अरण्यांतील वारली पाड्यांवरचीं माणसें. 2004 सालीं बिबळ्यांच्या हल्ल्यांत अनेक जीव गेले. आजहि तिन्हीसांजेस पाड्यावरची आई मुलास एकटें बाहेर सोडीत नाहीं. यांपैकीं कित्येक पाड्यांत वीज आणि नळ फार उशिरां पोंचले. विहारचें पाणी मात्र 1860 पासून शहरास जात आहे.